मिडीचा मंगळवार

काकडीचं केंद्र कोडीहट्टीतच राहिलं. आम्ही जिंकलो, दोड्डबेळवाडी हरली, आणि माझी सासू माझ्याकडे बघून हसली. तिसरी गोष्ट आजवर एकदाच घडली आहे, म्हणून तीही नोंदवून ठेवतो.

आता हे मी काही बोललोच नाही असं समजा. शनिवारी सकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि होईल असं कुणी म्हटलं असतं तर सण्णम्मानं, म्हणजे माझ्या सासूनं, त्याला सावलीत बसवून आधी ताक पाजलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही शेडमध्ये होतो. शेड म्हणजेच केंद्र. गावाच्या शिवेच्या दगडापलीकडे वीस पावलांवर, डांबरी रस्त्याला लागून, वर पत्रा. आत चार टेबलं, टेबलांभोवती बायका, आणि प्रत्येक टेबलावर तीन भोकांची लाकडी फळी. सर्वांत लहान भोकातून जी काकडी खाली पडते ती नंबर एक. करंगळीहून बारीक. आमच्याकडे तिला मिडी म्हणतात; मिडी म्हणजे कोवळी, अजून जगाची हवा न लागलेली. जितकी लहान तितका भाव मोठा, हे गावाच्या गळी उतरायला एक अख्खा हंगाम लागला. सकाळी ती करंगळी असते, संध्याकाळी अंगठा होते, आणि दुसऱ्या दिवशी बैलाचं शिंग. शिंगाला बैलाशिवाय कुणी विचारत नाही. म्हणून दिवसातून दोनदा तोडायची. सण नाही, सुतक नाही, लग्न नाही. माझ्या मेहुणीच्या लग्नात अक्षता टाकून अर्धं वऱ्हाड वेलीत शिरलं होतं.

खातं कोण? आमच्यात कुणी नाही. ती मिठाच्या पाण्यात, पिंपात बसून समुद्रापलीकडे जाते. कंपनीच्या रेणुकाप्रसादनं एकदा त्या तयार काकड्यांची बाटली आणली होती. सण्णम्मानं एक तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाली, "एवढ्या लांब नेऊन शेवटी नासवलीच ना रे."

हाच रेणुकाप्रसाद त्या शनिवारी मोटारसायकलवरून उतरला, आणि हेल्मेट काढायच्या आधीच खिशातून कागद काढला. तेव्हाच मी ओळखलं. आनंदाची बातमी माणूस हेल्मेट काढून सांगतो.

"काय अण्णा, कुणी गेलं का?" माझी बायको पुट्टलक्ष्मी फळीवरून नजर न उचलता म्हणाली. ती शेडमधली सगळ्यात जलद निवडणारी. तिची बोटं चालू असली की काकड्या आपणहून भोकं शोधतात.

"गेलं नाही अक्का. जाईल."

"कोण?"

"केंद्र."

टेबलावरचे हात थांबले. रेणुकाप्रसादनं कागद वाचला. रविवार, सोमवार, मंगळवार, सलग तीन दिवस, रोज पाचशे किलो नंबर एक. एक दिवस जरी कमी भरली तरी केंद्र दोड्डबेळवाडीला. तिकडे रस्ता रुंद आहे आणि लोक म्हणे शिस्तीचे.

"शिस्तीचे!" पुट्टलक्ष्मी म्हणाली. "त्यांच्या वरातीत नवरदेव हरवला होता, आमच्या बाशाच्या चहाच्या टपरीवर सापडला. बरं, मंगळवार म्हणालात?"

"मंगळवार."

"मंगळवारी करियम्माची जत्रा आहे."

रेणुकाप्रसादनं आता हेल्मेट काढलं. डोकं घामानं चिकटलं होतं. तो आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे जत्रा म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. सोमवारी दिवेलागणीला दवंडी पिटली की मंगळवारी मध्यरात्री देवी शिवेवरून परत येईपर्यंत गावातला दाणा, पाला, भाजी, काही म्हणजे काही शिवेबाहेर जात नाही. नेलं तर नेणाऱ्याचे पाय शिवेवर रुततात. कुणाचे रुतलेले कुणी पाहिले नाहीत, कारण कुणी नेलेलंच नाही.

"मी काय करू अक्का? मी निरोप्या."

"तुम्ही काही करू नका," पुट्टलक्ष्मी म्हणाली. "चहा घ्या. तोवर तो तरी इथे मिळतोय."

घरी सण्णम्मा नाचणीचे गोळे वळत होती. अंगानं एवढीशी बाई. तिच्या नावाचा अर्थही धाकटी. पण ती गोळा वळते तेव्हा काठाबाहेर वाफ येत नाही, वाफेलाही भीती वाटते. सगळं ऐकून तिनं माझ्या ताटात गोळा टाकला, वर कुळथाचं सार ओतलं.

"मग जावयबापू, तुमचं फाटक तिकडे अजून आहे ना?"

फाटक बेंगळूरचं. तीन वर्षं मी एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर उभा होतो. सहा फूट उंची आहे. बाकी कशाला उपयोगी नाही म्हणून उभं केलं होतं. गाडी आली की उघडायचं, गेली की लावायचं. पुट्टलक्ष्मी त्याच इमारतीत चार घरची भांडी घासायची, आणि ती कामाला येताजाता मी तिलाही फाटक उघडायचो, कारण नियम म्हणजे नियम. दोन वर्षांपूर्वी केंद्र आलं आणि आम्ही परत आलो. सासूच्या घरात, सासूच्या वेलीवर. लोक घरजावई म्हणतात. मी म्हणतो, इथे निदान फाटक नाही.

"आहे," मी म्हणालो. "पण आता ते बटणावर चालतं म्हणे."

"म्हणजे तिकडेही नकोच तुम्ही."

"अव्वा, आम्ही नाही जाणार," पुट्टलक्ष्मी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण तिनं गोळा बोटांनी चिवडला होता. तो गिळायचा असतो. "परत त्या भांड्यांत हात घालायचे नाहीत मला. आणि तू इथे एकटी काय करणार?"

"माझं सोड. मी शिंगं मोजत बसेन." सण्णम्मानं हात धुतला. "झोपा आता. पहाटे वेलीत उतरायचं आहे. तिसऱ्या दिवसाचं मी बघते."

रविवारी आणि सोमवारी गाव वाकून होतं. उगादी, म्हणजे पाडवा, होऊन गेलेली, ऊन सकाळी सातलाच मानेवर बसायचं. मिडीच्या वेलीला बारीक लव असते. तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात खाजरे होतात, आणि खाजवायला हात रिकामा नसतो. पान उचलायचं, खाली बघायचं, चिमटीत देठ धरून खुडायचं, टोकाचं पिवळं फूल अलगद पुसायचं, कमरेच्या ओच्यात टाकायचं. पुन्हा पान. माझ्यासारख्या उंच माणसाला हे काम म्हणजे दिवसभर नमस्कार. संध्याकाळी सरळ झालो की पाठीत काहीतरी वाजायचं, आणि शेजारच्या सरीतून सण्णम्मा म्हणायची, "कोण आलं गं? दार वाजलं."

शिंगं म्हणून टाकून दिलेल्या काकड्या खाऊन बैलांनीसुद्धा त्या दोन दिवसांत तोंड फिरवलं.

रविवारी पाचशे बारा भरली. सोमवारी पाचशे चार. सोमवारचा टेम्पो शेडपासून निघाला आणि मागे देवळाकडून दवंडी ऐकू आली. डफावर काठी पडली, आणि त्या क्षणापासून आमच्या वेलींवरची लाखभर मिडी कायद्यानं कोंडली गेली. तिला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती वाढतच होती.

"चला," सण्णम्मा मला म्हणाली. "देवळात जाऊ."

"मी कशाला?"

"माझ्यामागे कुणीतरी मोठं उभं दिसलं पाहिजे. बोलायचं नाही."

पुजारी होन्नगंगय्या देवीला नवं लुगडं नेसवत होता. हा नात्यानं सण्णम्माचा दीर लागतो, म्हणून तो तिच्याशी अदबीनं बोलतो आणि ती त्याच्याशी हवं तसं.

"होन्ना, एक विचारायचं आहे. दवंडीनंतर शिवेबाहेर काही जात नाही. मग उद्या देवी शिवेवर जाईल ती काय घेऊन?"

दरवर्षी आमची करियम्मा पालखीतून शिवेच्या दगडाशी जाते आणि तिथे दोड्डबेळवाडीहून तिची धाकटी बहीण लक्कम्मा येते. बहिणींची भेट. थोरली धाकटीची ओटी भरते. गावच्या बायका डोक्यावर टोपली, टोपलीत गूळपिठाचा दिवा, अशा पालखीमागे चालतात आणि दगडापुढे वीस पावलं जाऊन, तिथल्या बांधावर दिवे ठेवून परत येतात. तो बांध आता शेडच्या दाराशीच येतो.

"देवीबरोबर जाईल ते देवीचं," होन्नगंगय्या म्हणाला. "त्याला बंदी नाही. ते आधीपासूनचंच आहे वहिनी."

"टोपलीत दिव्याखाली काय असावं, असं काही आहे?"

"तांदूळ घालतात."

"घालतात. पण असावेतच असं?"

होन्नगंगय्यानं निऱ्या सोडल्या आणि तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मोठा दिसत उभा राहिलो.

"वहिनी, हे पाप आहे. देवीचा नैवेद्य काट्यावर विकणार?"

"तुझे नारळ सकाळी दुकानातून देवीकडे येतात आणि दुपारी देवीकडून दुकानात जातात. त्यातला एक नारळ मी ओळखते, शेंडीवर हळदीचा डाग आहे. माझ्याहून जास्त वेळा दर्शन झालंय त्याला."

होन्नगंगय्या लुगड्याची पिन शोधू लागला.

"बरं, ते जाऊ दे," सण्णम्मा जरा खालच्या आवाजात म्हणाली. "चार वर्षांपूर्वी देवी शिवेवर कशी गेली होती, सांग बरं."

त्याला पिन सापडली, ती त्यानं दातांत धरली.

"कशी गेली होती?"

"सायकलवर," होन्नगंगय्या म्हणाला.

खरं आहे. सगळे पुरुष बेंगळूरला, कुणी विटा उचलायला, कुणी फाटकावर. पालखीला आठ खांदे लागतात, गावात मिळाले अडीच. शेवटी करियम्माला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं, दोरीनं बांधलं आणि होन्नगंगय्यानं हँडल धरून ढकलत नेलं. दोड्डबेळवाडीच्या लोकांनी लक्कम्माची पालखी खाली ठेवून घंटी वाजवायला सांगितली होती. ती गोष्ट गावात कुणी काढत नाही.

"आज आठ खांद्यांसाठी चौदा जण भांडतायत," सण्णम्मा म्हणाली. "ते काय तुझ्या घंटेला आले परत? जत्रासुद्धा आधी उगादीच्या आत असायची. लोकांच्या हातात मजुरी आली की थाटात करू म्हणून तुम्ही पंचांनीच पुढे ढकलली, आणि आणून ठेवलीत बरोब्बर तोडणीच्या भरात. देवीनं नव्हती सांगितली तारीख. तेव्हा नाही रुतले कुणाचे पाय. केंद्र गेलं की पुढच्या वर्षी सायकल. ट्यूब तपासून ठेव."

पिन एकदाची देवीच्या पदराला लागली.

"माझी एक अट," अखेर होन्नगंगय्या म्हणाला. "पहिली तोड देवीची. हार करून गळ्यात घालायचा. भरगच्च पाहिजे. आणि दिवे विझता कामा नयेत."

"दिली," सण्णम्मा म्हणाली, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "चांगलं उभं राहिलात."

मंगळवारी तांबडं फुटायच्या आत सगळं गाव वेलीत होतं. आंघोळ करून, ओल्या केसांनी, नवी लुगडी गुडघ्यावर खोचून. शेड शिवेबाहेर म्हणून पुट्टलक्ष्मीनं फळ्या आदल्या दिवशीच उचलून देवळाच्या ओट्यावर आणल्या होत्या. तिथेच निवड. काटा मात्र शेडमध्ये जमिनीत पक्का बसवलेला. तेव्हा वजन नुसत्या हाताच्या अंदाजानं. एकशे बारा टोपल्या, प्रत्येकीत साडेचार किलोच्या वर, तिच्यावर केळीचं पान, पानावर गूळपिठाचा दिवा. पुट्टलक्ष्मी एकेक टोपली उचलून बघायची आणि मूठ घालायची किंवा काढायची. हार तिनंच ओवला. हिरवा, काटेरी, देवीच्या गळ्यापासून पायांपर्यंत, मध्ये मध्ये मिडीचीच पिवळी फुलं. करियम्मा एरवी रागीट दिसते. त्या दिवशी जरा खात्यापित्या घरची वाटली.

दहा वाजता पालखी उठली. पुढे डफ, मागे एकशे बारा बायका, माना ताठ, एकही दिवा हलत नाही. टोपलीत तांदूळ असले की बायका गाणी म्हणतात. साडेचार किलोला कुणी गात नव्हतं. घाम कानशिलावरून हनुवटीला येऊन टपकत होता आणि पुसायला हात नव्हते. मी धावत पुढे जाऊन काट्यापाशी उभा राहिलो होतो. वजन घेणं हे माझं केंद्रातलं काम. दिसायला मीच तेवढा निवांत होतो.

लक्कम्मा आधीच येऊन थांबली होती. तिच्याबरोबर अख्खी दोड्डबेळवाडी, आणि त्यांचा म्होरक्या गुरुमल्लप्पा. तो टोपल्या बघून हसला.

"यंदा सायकल नाही का आणली?"

"पंक्चर आहे," सण्णम्मा टोपलीखालून म्हणाली. "तुमच्या रुंद रस्त्यावर गेली होती."

पालख्या समोरासमोर आल्या, वाकल्या, भेटल्या. आणि मग गुरुमल्लप्पा म्हणाला, "ओटी?"

ही ओटी आम्ही विसरलो होतो. म्हणजे, नारळ-लुगडं आणलं होतं. पण रीत अशी की मागच्या प्रत्येक टोपलीतली एक मूठ धाकटीच्या ओटीत पडते. तांदळाची मूठ असते तेव्हा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"रीत आहे," गुरुमल्लप्पा अतिशय नम्रपणे म्हणाला. "आम्ही शिस्तीचे लोक."

एकशे बारा मुठी. आमच्या बायकांनी आयुष्यात एवढ्या लहान मुठी कधी केल्या नसतील. सण्णम्मानं तर तीन बोटांची केली. तरी लक्कम्माच्या पुढ्यात हिरवा ढीग झाला. लाजून वळायचं सोडून गुरुमल्लप्पा शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

टोपल्या काट्यावर रिकाम्या होऊ लागल्या. मी आकडा ओरडायचो, रेणुकाप्रसाद लिहायचा. पानं बाजूला, दिवे बांधावर. शेवटची टोपली सण्णम्माची. रेणुकाप्रसादनं बेरीज केली. पुन्हा केली. मग पेन कानाला लावलं.

"चारशे सत्त्याण्णव किलो सहाशे."

पुट्टलक्ष्मी माझ्याकडे बघत होती, आणि मला उगीचच फाटक दिसलं, बटणावर चालणारं, माझ्याशिवाय उघडणारं.

"पाचशे म्हणजे पाचशे ना अण्णा?" गुरुमल्लप्पानं विचारलं.

"पाचशे म्हणजे पाचशे," रेणुकाप्रसाद जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात पालखी हलली. तुमचा विश्वास असेल तर देवीनं ओढ घेतली. नसेल तर आठ खांद्यांनी. मी दोन्ही बाजूंचा आहे. खांदेकऱ्यांचे डोळे पांढरे झाले, पालखी दगडापासून फिरली, वीस पावलं झोकांड्या खात आली, दारातून गुरुमल्लप्पाला बाजूला सारत आत शिरली, आणि करियम्मा, हार, आसन, छत्र यांसकट, काट्यावर जाऊन बसली. खांदेकरी बाजूला झाले, धापा टाकत.

काट्यावर जे येईल त्याचं वजन मोठ्यानं सांगायचं, हे माझं काम. नियम म्हणजे नियम.

"एकसष्ट किलो दोनशे!" मी ओरडलो.

रेणुकाप्रसादनं हात जोडले. तसाच, हात जोडून, रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, माफ कर. तू नंबर एकमध्ये बसत नाहीस."

आणि सण्णम्माच्या घशातून काहीतरी आलं. ती माझ्याकडे बघून हसत होती. पुढचे दोन दात नाहीत, हे मला दोन वर्षांत प्रथमच कळलं. मग ती वळून ओरडली, "होन्ना! ती कशाला आली आहे, कळत नाही का तुला? गळ्यात बघ तिच्या!"

होन्नगंगय्यानं बघितलं. हाराकडे, देवीकडे, मग काट्याकडे. घातलेला हार जत्रेच्या दिवशी देवीच्या गळ्यातून आजवर कुणी उतरवला नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि आकाशवाणीसारख्या आवाजात म्हणाला, "आई... देते म्हणते."

देवीला उचलून पालखीत बसवलं. पुट्टलक्ष्मीनं दोरा तोडला, मिडी बोटांनी ओढून काट्यावर सोडली. तीन भोकांतून काढायची गरज नव्हती. पहिली तोड होती, एकेक निवडलेली. शेवटची काकडी पडली. आकडा थरथरला, वर गेला, थोडा खाली आला, थांबला.

मी आधी मनात वाचला. मग सावकाश सांगितला, कारण तीन वर्षं फाटकावर काढलेल्या माणसाला आयुष्यात एवढं मोठ्यानं सांगायला फार वेळा मिळत नाही.

"दोन किलो आठशे! एकूण पाचशे, चारशे ग्रॅम!"

डफवाल्यानं काठी एवढी जोरात मारली की डफ फाटला. बायका आता गायला लागल्या, घाम पुसायला हात मोकळे झाले होते. बाशानं टपरीचा सगळा चहा फुकट वाटला, आणि गुरुमल्लप्पालाही दिला, साखर कमी घालून. लक्कम्मा ओटीतली सहा-सात किलो मिडी घेऊन घरी गेली. पुट्टलक्ष्मी काट्याला टेकून उभी होती, बोटं काळी, हात कोपरापर्यंत लाल. "अहो," ती म्हणाली, "आता घरी चला. संध्याकाळची तोड राहिलीय."

पुढल्या वर्षी जत्रेचा मंगळवार पुन्हा तोडणीतच येणार, हे त्याच रात्रीच्या पंक्तीत कुणाच्यातरी ध्यानात आलं. जत्रा पुन्हा हलवायला या वेळी देवीची ना आहे, असं पंच म्हणतात, आणि तोडणीचा दिवस हलवायला कंपनीची. म्हणून पंचांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, कारण आकडे मी वाचतो असं सिद्ध झालं होतं. नक्कल जोडतो:

"मा. तहसीलदार साहेबांच्या सेवेशी. अर्जदार समस्त ग्रामस्थ कोडीहट्टी. मिडी काकडी हे पीक आल्यापासून गावात दोन वेळची बस, एक पिठाची गिरणी, दोन शिंपी, एक चहाची टपरी व बेंगळूरहून परत आलेली एकेचाळीस माणसे असून, देवीच्या पालखीस आठ खांदे उपलब्ध आहेत. आपल्या दप्तरी सदर पीक 'इतर भाजीपाला' या रकान्यात आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि सदर पीक सण, सुतक व सरकारी सुट्ट्या यांचे पालन करीत नाही असे वारंवार निदर्शनास आले आहे. सबब विनंती की, दरवर्षी जत्रेच्या सोमवारी दवंडी झाल्यापासून मंगळवारी देवी परत येईपर्यंत तालुक्यातील सर्व मिडी काकडीची वाढ स्थगित ठेवण्याचे लेखी आदेश व्हावेत, व आदेशाची एक प्रत प्रत्येक वेलीस बजावण्यात यावी."